मोबाइल ॲपची अनेक दुकाने आणि ग्राहकहित : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

एकाच प्रकारच्या मालाची अनेक दुकाने असावीत, की एकच खात्रीचे दुकान असावे, हा वाद व्यापाराच्या इतिहासात नवा नाही. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर तो वेगळ्या रूपात पुढे आला. फोनवर चालणारी आज्ञावली, म्हणजे ॲप, ग्राहक ज्या ठिकाणाहून घेतो त्या ठिकाणास ॲप स्टोअर म्हणतात. असे स्टोअर एकच असेल तर ग्राहक सुरक्षित राहतो, अनेक झाल्यास तो गोंधळतो व फसतो, असे ॲपल आणि काही अंशी गूगल या कंपन्या सांगत आल्या आहेत. एकच स्टोअर म्हणजे मक्तेदारी, तीत किंमत वाढते व निवड आकसते, असे त्यांच्या विरोधकांचे म्हणणे असते. दोन्ही पक्ष ग्राहकाच्या नावाने बोलतात. प्रत्यक्ष लढाई मात्र बहुतेक वेळा ॲप बनविणारा आणि स्टोअरचा मालक यांच्यातील कमिशनची असते, ही बाब प्रारंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे.

सदर प्रश्नाचा विचार सहसा तत्त्वाच्या पातळीवर होतो. वस्तुतः त्याला पंचवीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि या काळात दोन्ही व्यवस्था वेगवेगळ्या देशांत प्रत्यक्ष राबविल्या गेल्या आहेत. तो इतिहास तपासला असता दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. बाजारात दुकाने किती आहेत यापेक्षा ग्राहकाच्या हातातील विशिष्ट फोनवर किती दुकाने सहजपणे उघडतात, हे अधिक महत्त्वाचे ठरले. आणि ग्राहकाची फसवणूक तेथे झाली, जेथे विकलेल्या ॲपबद्दल उत्तरदायी कोण हे ठरलेले नव्हते. मग दुकान एक असो वा अनेक.

ॲप स्टोअरपूर्वीचा काळ

ॲपची विक्री २००८ मध्ये सुरू झाली हा समज चुकीचा आहे. जपानमध्ये एन.टी.टी. डोकोमो कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये आय-मोड ही सेवा सुरू केली. तीत कंपनीच्या अधिकृत यादीतील सेवांचे पैसे फोनच्या बिलातून वसूल होत आणि डोकोमो त्यातील सुमारे ९ टक्के रक्कम स्वतःकडे ठेवी. त्याच वर्षी अमेरिकेत हँडँगो हे हातातील संगणकांसाठी आज्ञावली विकणारे संकेतस्थळ निघाले. लिथुआनियात २००४ मध्ये स्थापन झालेले गेटजार हे पुढे जगभरच्या साध्या फोनधारकांचे मोठे भांडार बनले. म्हणजे आरंभीचा काळ हा अनेक दुकानांचाच काळ होता.

त्या काळी गोंधळ नव्हता असे नाही. पण त्याचे स्वरूप वेगळे होते. नोकियाच्या एका फोनवर चालणारा खेळ दुसऱ्या फोनवर चालेलच याची शाश्वती नसे. पडद्याचा आकार, कळांची रचना, जावाची आवृत्ती, सारेच निरनिराळे. ग्राहकाला आधी आपल्या फोनचे मॉडेल शोधावे लागे, मग खेळ. सिंबियन प्रणालीच्या नवव्या आवृत्तीपासून आज्ञावलीवर प्रमाणपत्राची सही सक्तीची झाली, तेव्हा ‘प्रमाणपत्राची मुदत संपली आहे’ हा संदेश फोनधारकांच्या ओळखीचा झाला. त्यावर लोकांनी काढलेली तोड म्हणजे फोनमधील तारीखच मागे नेणे. सुरक्षेसाठी उभारलेला अडसर सामान्य माणूस किती सहजपणे ओलांडतो, याचे हे जुने उदाहरण पुढील विवेचनातही उपयोगी पडेल.

भारतात या काळात खरी सत्ता दूरसंचार कंपन्यांकडे होती. रिलायन्सचे आर-वर्ल्ड, एअरटेल लाइव्ह, व्होडाफोन लाइव्ह ही त्यांची स्वतःची दालने. बाजारात अशी दालने अनेक असली तरी ज्याच्या फोनमध्ये ज्या कंपनीचे सिमकार्ड, त्याला तेवढेच दालन उपलब्ध असे. म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने ते एकच दुकान होते. आणि नेमके तेथेच न मागितलेल्या कॉलर ट्यून, विनोद, राशिभविष्य यांचे शुल्क प्रीपेड खात्यातून परस्पर वजा होण्याच्या तक्रारी उदंड झाल्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाला (ट्राय) अखेर जुलै २०१३ मध्ये निर्देश द्यावे लागले की, ग्राहकाची दुहेरी संमती घेतल्याखेरीज अशी सेवा सुरू करू नये. दुकानदार एकच, नामांकित आणि परवानाधारक असूनही ग्राहकाचे पैसे सुरक्षित राहिले नाहीत, हे या प्रकरणावरून दिसते.

एकाच दुकानाचे युग

ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲपसह उघडले आणि पहिल्या तीन दिवसांतच तेथून एक कोटी ॲप उतरवून घेतले गेले. विक्रीतील ७० टक्के वाटा ॲप बनविणाऱ्यास व ३० टक्के ॲपलला, ही विभागणी आज जाचक वाटते. दूरसंचार कंपन्यांच्या तत्कालीन अटींच्या तुलनेत ती उदार मानली गेली होती. गूगलचे अँड्रॉइड मार्केट २२ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाले व मार्च २०१२ मध्ये त्याचे नाव गूगल प्ले झाले. अँड्रॉइडवर बाहेरून ॲप घेण्याची मुभा होती, पण त्यासाठी ‘अज्ञात स्रोत’ या शीर्षकाखालील परवानगी द्यावी लागे. शब्दयोजना लक्षणीय आहे. दुसरे दुकान कितीही प्रसिद्ध असले तरी फोनच्या भाषेत ते ‘अज्ञात’च राहिले.

या व्यवस्थेने ग्राहकाला खरोखर बरेच काही दिले, हे मान्य करावयास हवे. एकाच ठिकाणी शोध, आपोआप सुधारित आवृत्ती, एकदाच नोंदविलेले कार्ड, इतरांचे अभिप्राय या सोयी आधीच्या विस्कळीत बाजारात नव्हत्या. परंतु एकमेव दुकानदार आपले नियम एकतर्फी बदलू शकतो, हेही लवकरच दिसून आले. अँड्रॉइड मार्केटमध्ये विकत घेतलेले ॲप २४ तासांत परत करता येई. डिसेंबर २०१० मध्ये ही मुदत १५ मिनिटांवर आणली गेली. तैवानच्या कायद्यानुसार अशा दूरस्थ खरेदीत ग्राहकाला सात दिवसांची मुदत मिळावी, असा आग्रह तैपेई महानगर प्रशासनाने २०११ मध्ये धरला. ॲपलने ते मान्य केले. गूगलने मात्र दंड झाल्यावर तैवानमधील सशुल्क ॲपची विक्रीच थांबविली. म्हणजे ग्राहकाला हक्क मिळवून देण्याच्या प्रयत्नात त्याचे दुकानच बंद झाले, आणि त्याच तोलामोलाचे दुसरे दुकान त्या फोनवर नव्हते.

सुरक्षेच्या दाव्यालाही मर्यादा होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालेल्या एक्सकोड-घोस्ट प्रकरणात ॲप बनविण्याच्या साधनाचीच बनावट प्रत चीनमध्ये पसरली आणि तिच्याद्वारे दूषित झालेली ॲप ॲपलची तपासणी पार करून अधिकृत स्टोअरमध्ये पोहोचली. वुईचॅटसारखे ॲपही त्यांत होते. पुढे २०२१ मधील एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात उघड झालेल्या पत्रव्यवहारानुसार १२ कोटी ८० लाख ग्राहकांनी ती ॲप घेतली होती. त्या सर्वांना कळवावे काय, याची कंपनीत चर्चा झाल्याचे त्यातून दिसते. एक दुकान असल्यामुळे दूषित माल काढून टाकणे सोपे झाले, हे खरे. ग्राहकाला सांगण्याचे बंधन मात्र त्या एकपणातून निर्माण झाले नाही.

चीनचा अनुभव

अनेक दुकानांच्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा प्रयोग चीनमध्ये झाला, आणि तो कोणाच्या धोरणातून नव्हे तर एका माघारीतून. मार्च २०१० मध्ये गूगलने आपली चिनी शोधसेवा हाँगकाँगकडे वळविली. त्यानंतर तेथील अँड्रॉइड फोन गूगलच्या सेवांविना विकले जाऊ लागले आणि मोकळ्या जागेत शेकडो ॲप स्टोअर उगवली. त्यांचे मोल किती वाढले याची कल्पना २०१३ मधील एका व्यवहारावरून येते: बायडू कंपनीने ९१ वायरलेस ही स्टोअर चालविणारी कंपनी सुमारे १.९ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला.

ग्राहकाचा गोंधळ येथे खराच होता. एकाच नावाची नक्कल केलेली ॲप, जुन्या आवृत्त्या, जाहिराती घुसडलेल्या प्रती यांचा सुळसुळाट झाला. खेळांच्या बाबतीत तर आणखी एक विलक्षण अडचण उद्भवली. प्रत्येक स्टोअरसाठी खेळाची वेगळी प्रत बनविली जाई आणि त्या त्या स्टोअरच्या खात्यानेच तीत प्रवेश करावा लागे. परिणामी एका कंपनीचा फोन सोडून दुसऱ्या कंपनीचा फोन घेणाऱ्या खेळाडूला आपली अनेक महिन्यांची प्रगती, विकत घेतलेल्या वस्तू आणि सोबती अनेकदा मागेच सोडावे लागत. दुकाने अनेक, पण एका दुकानात घेतलेला माल दुसऱ्या दुकानाच्या दारातून आत नेता येईना. या गोंधळाचे मूळ संख्येत नव्हते. खाते स्टोअरशी बांधून ठेवण्यात होते.

स्पर्धा वाढली की कमिशन उतरेल, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील अनुमानही येथे फोल ठरले. फोन बनविणाऱ्या अनेक चिनी कंपन्या २०१४ मध्ये ‘हार्डकोर’ या नावाने एकत्र आल्या, आणि त्यांच्या स्टोअरमध्ये खेळांच्या उत्पन्नातील निम्मा वाटा कापून घेण्याचा प्रघात पडला. ॲपलच्या ३० टक्क्यांविरुद्ध जगभर ओरड चालू असताना शेकडो दुकानांच्या देशात ५० टक्के! या विसंगतीचे उत्तर कठीण नाही. फोनमध्ये आधीपासून बसविलेले स्टोअर हेच त्या फोनधारकाचे सवयीचे दुकान ठरले. विशिष्ट कंपनीच्या फोनधारकांपर्यंत पोहोचण्याची वाट त्या कंपनीच्याच ताब्यात राहिली. बाजारात अनेकत्व होते, हातात एकत्वच होते. भारतातील सिमकार्ड-बद्ध दालनांची ही सुधारित आवृत्तीच म्हणावी लागेल.

ही कोंडी फुटली ती ग्राहकाने वाट वाकडी करून जाण्याची तयारी दाखविली तेव्हा. २०१६ मध्ये सुरू झालेले टॅपटॅप हे स्टोअर खेळांवर कमिशन घेत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट हा खेळ आला, तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी चीनमध्ये हुआवेई व शाओमी यांच्या स्टोअरकडे पाठ फिरविली आणि तरीही तो खेळ प्रचंड गाजला. १ जानेवारी २०२१ रोजी हुआवेईने वाट्याच्या वादातून टेन्सेंटचे खेळ आपल्या स्टोअरमधून काढले व त्याच दिवशी परत ठेवले. नकली व घातक ॲपचा प्रश्न मात्र स्पर्धेने सुटला नाही. त्यासाठी ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या शासकीय नियमांनी स्टोअरवर नोंदणीचे आणि ॲप देणाऱ्याची ओळख तपासण्याचे बंधन घातले. त्याच नियमांनी शासनाला नको असलेला मजकूर रोखण्याची जबाबदारीही स्टोअरवर टाकली, ही त्याची दुसरी बाजू दुर्लक्षिता येणार नाही.

कोरिया आणि युरोप

दक्षिण कोरियात तीन दूरसंचार कंपन्या आणि नेव्हर यांची स्टोअर २०१६ मध्ये एकत्र येऊन वन स्टोअर निर्माण झाले. त्याने २०१८ मध्ये आपले कमिशन २० टक्क्यांवर, आणि ॲपची स्वतःची देयक व्यवस्था असल्यास ५ टक्क्यांवर आणले. तरीही ते गूगलशी बरोबरी करू शकले नाही. खेळ वन स्टोअरमध्ये न देणाऱ्यांनाच गूगलने ठळक प्रसिद्धी दिली, असा निष्कर्ष काढून तेथील स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये गूगलला ४,२१० कोटी वॉनचा दंड केला.

युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स कायदा मोठ्या कंपन्यांना ७ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि आयफोनवर प्रथमच दुसऱ्या दुकानांना अधिकृत प्रवेश मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये ऑल्टस्टोअर पाल, ऑगस्टमध्ये एपिकचे स्टोअर तेथे सुरू झाले. पण वाट इशाऱ्यांनी आणि पायऱ्यांनी भरलेली होती. स्टोअर बसवू पाहणाऱ्यांपैकी ६५ टक्के ग्राहक मध्येच थांबत आणि ॲपलने २०२५ मध्ये पायऱ्या कमी केल्यावर हे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवर आले, असे एपिकने म्हटले आहे. हे आकडे वादातील एका पक्षाचे आहेत. तरी गोंधळाचा मोठा भाग रचून निर्माण केलेला असू शकतो, याकडे ते लक्ष वेधतात.

एपिकचे स्वतःचे आचरणही निर्दोष नव्हते. २०१८ मध्ये त्यांनी फोर्टनाइट हा खेळ गूगल प्लेबाहेरून अँड्रॉइडवर दिला, तेव्हा त्यांच्या पहिल्या प्रतिष्ठापकात गंभीर त्रुटी आढळली. फोनमधील दुसरे घातक ॲप त्या वाटेने खेळाऐवजी भलतेच काही बसवू शकले असते. बाहेरच्या वाटेबद्दलची भीती सर्वस्वी काल्पनिक नाही, एवढे यावरून मान्य करावे लागते.

युरोपातील ग्राहकाला लाभ झाला काय? किमतींच्या बाबतीत उत्तर निराशाजनक आहे. कमिशन घटल्यानंतरही ९० टक्क्यांहून अधिक वस्तूंच्या किमती उतरल्या नाहीत, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढला. त्याचा खर्च ॲपलने उचललेला असल्यामुळे तो सावधपणेच वाचला पाहिजे. पण वाचलेले कमिशन ॲपवाल्याच्या खिशात राहणे अस्वाभाविकही नाही. लाभ दुसऱ्या वाटेने आला. जुन्या व्हिडिओ खेळांची नक्कल करणाऱ्या ॲपना ॲपलने वर्षानुवर्षे मज्जाव केला होता. ऑल्टस्टोअर येऊ घातले असताना, ५ एप्रिल २०२४ रोजी, ॲपलने हा नियम जगभरासाठी शिथिल केला. दुसऱ्या दुकानात कधीही न गेलेल्या, किंबहुना ज्यांच्या देशात ते दुकानच नाही अशा ग्राहकांनाही त्या दुकानाच्या नुसत्या अस्तित्वाचा फायदा झाला.

भारतातील स्थिती

भारतात बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात, म्हणून येथील प्रश्न मुख्यतः गूगल प्लेचा आहे. १८ सप्टेंबर २०२० रोजी पेटीएमचे ॲप काही तासांसाठी प्लेवरून हटविले गेले, तेव्हा खात्यातील पैसे सुरक्षित असल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून नोकरी व विवाह जुळविणारी काही परिचित भारतीय ॲप काढली गेली आणि केंद्र शासनाच्या हस्तक्षेपानंतर काही दिवसांत परत आली. दुकानदार व मालवाला यांच्या भांडणात ग्राहकाला दुसरे दार नव्हते.

असे दार निर्माण करण्याचे प्रयत्न झाले आहेत. मुंबईतील इंडस ओएस या कंपनीचे भारतीय भाषांतील ॲप बाजार, आणि त्याच वारशातून फोनपेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू केलेले इंडस ॲपस्टोअर हे त्यातील प्रमुख. इंडस इंग्रजीखेरीज १२ भारतीय भाषांत चालते. मराठी त्यांत आहे. इंग्रजीत अक्षरजुळणी न करता ॲप शोधता येणे, हा मराठी वाचकास मिळणारा लाभ कमिशनच्या टक्केवारीत मोजता येत नाही.

परंतु हे स्टोअर फोनपर्यंत पोहोचावे कसे? भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड करताना, इतरांची ॲप स्टोअर प्लेमधून वितरित होऊ द्यावीत असाही निर्देश दिला होता. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला. मात्र हा निर्देश आणि बाहेरून ॲप घेण्यावरील निर्बंधांविषयीचा निर्देश, हे रद्द केलेल्या चार निर्देशांत होते. परिणामी नव्या स्टोअरपुढे दोनच मार्ग उरले: फोन बनविणाऱ्या कंपनीशी करार करून आधीच फोनमध्ये बसणे, अथवा संकेतस्थळावरून फाइलच्या रूपाने उतरणे. पहिल्या मार्गाने चीनचा अनुभव पुन्हा येण्याचा धोका आहे. दुसऱ्या मार्गावर ग्राहकाला तोच इशारा दिसतो, जो व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून आलेल्या घातक फाइलबाबत दिसतो. प्रामाणिक दुकान आणि लुटारू यांना एकच पाटी लावल्यावर ती पाटी वाचून निर्णय घेणे ग्राहकास अशक्य होते.

या चर्चेत सर्वांत वेदनादायक प्रकरण कर्ज देणाऱ्या ॲपचे आहे. टाळेबंदीच्या काळात अडलेल्या लोकांनी काही हजारांची कर्जे घेतली; ॲपने फोनमधील नावे व क्रमांक मिळविले आणि हप्ता थकताच नातलगांकडे बदनामी सुरू झाली. काही कर्जदारांनी आत्महत्या केल्या. रिझर्व्ह बँकेने १३ जानेवारी २०२१ रोजी नेमलेल्या कार्यगटाला त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीय अँड्रॉइडधारकांसाठी ८० हून अधिक स्टोअरवर सुमारे १,१०० कर्जविषयक ॲप आढळली. त्यांतील सुमारे ६०० बेकायदेशीर होती. ८० दुकाने हा आकडा अनेकत्वाच्या टीकाकारांना बळ देणारा आहे. परंतु शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार गूगलने एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात अडीच हजारांहून अधिक, आणि सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात २,२०० हून अधिक अशी ॲप आपल्या प्लेवरून काढली. म्हणजे तोवर ती सर्वांत मोठ्या, ‘ज्ञात’ दुकानाच्या मांडणीवर होती, आणि तेथे असणे हीच अनेक कर्जदारांच्या लेखी त्यांची खात्री होती.

यावर दोन वेगवेगळे उपाय पुढे आले आहेत. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणारे कोणतेही ॲप, ते कोठूनही आलेले असो, गूगलकडे ओळख पटविलेल्या निर्मात्याचेच असावे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे याचा आरंभ योजिलेला आहे. मुक्त आज्ञावलींचे भांडार असलेल्या एफ-ड्रॉइडने यास कडाडून विरोध केला, कारण यामुळे इतर दुकानांच्या दाराची किल्लीही पहिल्याच दुकानदाराकडे जाते. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये, जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवली जाईल, असे गूगलने सांगितले. रिझर्व्ह बँकेने निवडलेला मार्ग निराळा आहे. तिच्या देखरेखीखालील संस्थांनी आपली कर्जविषयक ॲप बँकेला कळवावीत असा नियम करून १ जुलै २०२५ पासून त्यांची सूची तिच्या संकेतस्थळावर खुली करण्यात आली. एखादे कर्ज-ॲप नियंत्रित संस्थेशी खरोखर संबंधित आहे काय, एवढेच त्या सूचीवरून पाहता येते. ते कोणत्या स्टोअरमधून आले, हा प्रश्न त्या पडताळणीत उद्भवत नाही.